पांढऱ्या बियांचं गिलकं

इंदिरानगर, नाशिक
२२ जून २०२४

प्रिय आत्या,

बादली दोन्ही हातांत धरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले आणि माती फुटलेली दिसली. खाली ठेवायला जागा नव्हती. तशीच धरून वाकले. कोंब मान खाली घालून वर येत होता, डोक्यावर बीचं टरफल. अमोलला हाक मारली. तो तोंडात ब्रश घेऊन धावत आला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी? मला वाटलं पडलीस."

तू पाकिटातून पाठवलेल्या सात बियांपैकी तीन उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली. दोन आहेत. पाच-पाच पानं झाली.

आमची इमारत चार मजल्यांची. गच्चीवर माझ्या बादल्या. रंगाच्या, वीस लिटरच्या, तळाला भोकं पाडलेल्या. मिरची आहे, पुदिना आहे, गवती चहा आहे. तुझं गिलकं पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलंय, तिथे सकाळचं ऊन येतं.

बी पांढरी का गं? नर्सरीतला माणूस म्हणतो गिलक्याची बी काळी असते. त्याने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "कच्ची काढलीय, ताई. नाही यायची." आली.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि महेशदादा मध्ये बोलून सांगतो तेव्हा माझ्या दहा वाक्यांची दोन करतो. म्हणून पत्र. पुढे काय करू ते सविस्तर लिही.

तुझी,
वेदिका


सटाणा
१ जुलै २०२४

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.

नर्सरीवाल्याला म्हणावं, बी कच्ची नाय, तुझा अभ्यास कच्चा हाय. आमची बी पांढरीच. आईने तिच्या माहेराहून आणली, मी आईकडून. गिलकं आखूड येतं. चिरताना सुरीला चिकटत नाही आणि कढईत पाणी सोडत नाही. तू लहानपणी खाल्लेलं आहेस. भजी करायची मी. तू पीठ खायचीस आणि गिलकं ताटाखाली ठेवायचीस.

नायलॉनची दोरी बांधू नको. उन्हात तापते, वेल तिला धरत नाही. सुतळी बांध. पाणी सकाळी. बुडाशी, पानांवर नाही. पंधरा दिवसांनी मूठभर शेणखत. शहरात शेण मिळत नसेल तर गांडूळखत विकत मिळतं असं महेश सांगतो.

कोथिंबिरीची घाई करू नको. आत्ता पेरलेले धने सडतात. दसऱ्याच्या सुमारास पेर. आधी चपलेखाली रगडून दोन फाकी कर.

इथे बरं आहे. परसात महेशची काही ना काही गडबड चालू असते.

लंकाआत्या


इंदिरानगर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

वेल टाकीवर चढला. सुतळी संपली तेव्हा त्याने टाकीचा पाइप धरला, मग केबलची वायर. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "वेदिका, तुझं झाड आमची मालिका बघतंय." मी वायरवरून सोडवून पुन्हा सुतळीवर घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वायरवर.

आणि फुलं. पिवळी, माझ्या तळहाताएवढी. रोज पंधरा-वीस. मी नऊला अमोलचा डबा झाला की वर जाते. तोवर अर्धी मिटलेली असतात, संध्याकाळी सगळी खाली. एकाचंही गिलकं होत नाही. माझं काही चुकतंय का? माझ्याकडून मेले तर, असं सारखं वाटतं. मिरची मेली असती तर नर्सरीतून दुसरी आणली असती.

तुझा मांडव भरला असेल. यंदा परसात किती वेल आहेत? महेशदादाला फोटो काढून पाठवायला सांग. शेजारी ठेवून माझा बघते.

वेदिका


सटाणा
१२ ऑगस्ट २०२४

चि. वेदिकास आशीर्वाद.

घोसात येतात ती नराची फुलं. ती गळायचीच. मादीचं फूल एकटं येतं आणि त्याच्या मागे बोटाएवढं गिलकं आधीपासून असतं. थांब. येतील.

आता नीट वाच. पहिलं फळ धरलं की ते खायचं नाही. करंगळीपेक्षा मोठं झालं की त्याच्या देठाला चिंधी बांध. चिंधी म्हणजे बियाण्याचं. घरातलं माणूस मग त्याला हात लावत नाही. ते वेलावरच पिकू दे, वाळू दे, हलवलं की खुळखुळलं पाहिजे. त्यानंतरची सगळी तुझी. भजी कर. आता गिलकंही खा.

माझ्या मांडवाचं विचारलंस. पुढे लिहीन.

आत्या


इंदिरानगर
४ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

धरलं. एक धरलं.

मादीची चार फुलं आली. तीन मागच्या गिलक्यासकट पिवळी पडून गळली. चौथं हिरवं राहिलं. परवा करंगळीएवढं, काल मधल्या बोटाएवढं, आज सकाळी बोट कमी पडलं. मी आज तीनदा गच्चीवर गेले. अमोल म्हणतो, "त्याला झोपू दे थोडं."

चिंधी बांधली. माझ्या साखरपुड्याच्या लाल साडीला इस्त्रीने भोक पडलं होतं, तिची पट्टी काढली. जरीचा काठही थोडा आलाय. टाकीच्या निळ्या रंगापुढे इतकी सुंदर दिसते की खालून रस्त्यावरूनही ओळखू येते.

या वर्षी गौरी आमच्याकडे आहेत. उद्या अमोलच्या आई येतात सिन्नरहून. त्या पहिल्यांदाच माझी बाग बघणार. मी सगळ्या बादल्या पुसून ठेवल्यात.

वेदिका


सटाणा
९ सप्टेंबर २०२४

चि. वेदिका,

पत्र आत्ता मिळालं. शेजारच्या नवसाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आक्का, आता हसा की. दोन महिने तोंड पाडून बसल्या होत्या."

लाल चिंधी लगेच सोड. पांढरी बांध, जुन्या धोतराची. बियाण्याची चिंधी पांढरी. लाल बांधतात ती देवाला ठेवलेल्या फळाला. एवढं तुला ठाऊक असेल असं धरून मी लिहिलं नाही. चूक माझी. तुझ्या घरात गौरी बसणार, घरात मोठं माणूस येणार. पत्र मिळाल्याबरोबर वर जा आणि सोड.

आत्या


इंदिरानगर
२० सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र तेरा तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला, पाहुणे होते.

पुदिना खूप फोफावलाय. एका बादलीच्या तीन बादल्या केल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना काडी दिली, ती लागली. वॉचमनलाही दिली. पुदिन्याला सावली चालते हे मला माहीत नव्हतं, आता तो जिन्याच्या कोपऱ्यात ठेवते आणि पानं जास्त मोठी येतात. रोज चटणी होते. अमोल म्हणतो दात हिरवे होतील. गवती चहाला नवीन फुटवे आलेत. धने आणून ठेवलेत. चपलेखाली एकदा रगडून पाहिले, घरातली चप्पल घेतली, बाहेरची घ्यावीशी वाटली नाही.

लाल चिंधी आता नाही.

पुढच्या वर्षी मी गिलक्याच्या चार बादल्या करीन म्हणते. तुझ्या डबीतल्या दहा-बारा बिया आत्ताच पाठवून ठेवशील का? सवडीने. घाई नाही.

वेदिका


सटाणा
२७ सप्टेंबर २०२४

चि. वेदिका,

पुदिन्याच्या आठ ओळी आणि गिलक्याची अर्धी. मी तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली. कुणाच्या मुठीत काय आहे ते मला मूठ न उघडता कळतं. काय झालं ते लिही.

आता माझी मूठ उघडते.

माझ्याकडे बी नाही. तुला पाठवल्या त्या सात होत्या, आणि सातच होत्या. परसात महेशने मे महिन्यात कांद्याची चाळ घातली. चांगली बांधलीय, वर पत्रा, दोन्ही बाजूंनी वारा खेळतो, एक कांदा सडलेला नाही. त्याला जागा हवी होती आणि मीच हो म्हटलं. मांडवाचे खांबसुद्धा चाळीला उपयोगी पडले. ओट्यापासून चाळीपर्यंत आता दोन हात जागा आहे, तिथे फरशी.

तुला आधी सांगितलं असतं तर तू घाबरून पेरल्याच नसत्या. काचेच्या बाटलीत ठेवून रोज पुसल्या असत्या. बाटलीतलं बी दोन-तीन वर्षांत मरतं.

गावात विचारून झालं. ज्यांना ज्यांना मी बी दिली होती, सगळे आता पाकिटाचं आणतात. नवसाबाई म्हणाली, "कोण वाळवत बसतं, आक्का?" एका म्हातारीने अहिराणीत विचारलं, "तुन्हापाशी नही, ते कोन्हापाशी राही?"

महेशला फोन करू नको. त्याला वाटेल मी तक्रार केली.

आत्या


इंदिरानगर
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी मी पुरण वाटत होते. सोळा भाज्या मोजताना पंधराच भरल्या. आई म्हणाल्या, "थांब, मी आणते." मला वाटलं खाली भाजीवाल्याकडे गेल्या. दहा मिनिटांनी आल्या त्या हसत. म्हणाल्या, "तू तर देवीचं आधीच राखून ठेवलंस. आणि बोलली नाहीस." हातात गिलकं. चिंधीसकट. चिंधी त्यांनी सोडून गौरीच्या मनगटाला बांधली.

मी पुरण वाटत राहिले, आत्या. वर पाहिलं तोवर गिलकं चिरलेलं होतं. आत बिया होत्या, तांदळाएवढ्या, मऊ, पाण्यासारख्या. भाजी सगळ्यांनी वाखाणली. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या असं गोड गिलकं नाशकात मिळत नाही. मीही खाल्लं. खरंच गोड होतं.

तुझं पत्र दोन दिवसांनी आलं.

मला वाटत होतं तुझ्याकडे डबीभर आहे. म्हणून लपवलं. काल तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले. आई अजून इथेच आहेत, त्यांनी पत्र मागितलं. मी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "मी एका बाईच्या आईचं माहेर शिजवून वाढलं." काल सिन्नरला जायचं होतं, गेल्या नाहीत. म्हणाल्या, "हे निस्तरल्याशिवाय जात नाही."

वेल आहे. दोन्ही जिवंत आहेत. एकाच्या खालच्या पानांवर भुरीची पांढरी पूड आली, ती पानं काढली. मादीची फुलं येतात पण सगळी पिवळी पडतात. इतक्या उंचावर माशा येत नाहीत. इंटरनेटवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात एक माणूस संध्याकाळी हाताने फूल फुलाला लावतो. मी पाच संध्याकाळी लावलं. काही झालं नाही. थंडी पडायच्या आत एक तरी धरायला हवं ना? किती दिवस आहेत आपल्याकडे?

वेदिका


सटाणा
७ ऑक्टोबर २०२४

चि. वेदिका,

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते.

आधी तुझ्या सासूबाईंना सांग. गौरीने खाल्लं त्याचं मी वाईट कसं वाटून घेऊ? आई असती तर म्हणाली असती, बघ, माहेरची भाजी मागून घेतली. मी वाचताना हसले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

आता काम. तुझा व्हिडिओवाला दोडक्याचं सांगत असेल. दोडका संध्याकाळी फुलतो, गिलकं पहाटे. तू नऊला वर जातेस तेव्हा सगळं संपलेलं असतं, आणि संध्याकाळी तू शिळ्या फुलांशी खेळतेस.

आदल्या संध्याकाळी मादीची फुगलेली कळी हेरून ठेव. दोरा बांधून खूण कर. पहाटे साडेपाचला वर जा. ताजं नराचं फूल तोड, पाकळ्या मागे मोड, मधला पिवळा पराग मादीच्या मधल्या बोंडावर हळू फिरव. एका मादीला दोन नर. घाई नको, दाबू नको. माझी आई याला लगीन लावणं म्हणायची.

फळ धरल्यापासून वाळेपर्यंत सव्वादोन महिने. म्हणजे हा आठवडा किंवा पुढचा. त्यानंतर धरलेलं थंडीत वाळत नाही, सडतं.

आत्या


इंदिरानगर
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

लगीन लागलं.

पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. दसऱ्याच्या संध्याकाळी आई आणि मी टॉर्च घेऊन वेल पानापानाने तपासला. तीन कळ्या फुगलेल्या. तिन्हींना दोरा. रात्रभर मी चार वेळा घड्याळ पाहिलं. पाचला उठले तर आई आधीच आंघोळ करून, नऊवारी नेसून, वाटीत अक्षता घेऊन दारात उभ्या.

"अक्षता कशाला?" मी म्हटलं.

"लगीन म्हणालीस ना? मग मोकळ्या हाताने उभी राहू?"

वर अजून अंधुक होतं. कळ्या हलत होत्या, वारा नव्हता तरी. आम्ही बघत असतानाच एक उघडली. आत्या, उघडताना बारीक आवाज येतो. किंवा मला तसं वाटलं. मी नराचं फूल तोडलं, पाकळ्या मोडल्या. पहिलं फूल माझ्या हातून निसटून खाली पडलं. आई म्हणाल्या, "माझ्याकडे दे. मी चार पोरं न्हाऊ घातलीत." त्यांनी लावलं. एकदाही श्वास सोडला नाही. मग हळू आवाजात "शुभमंगल सावधान" म्हणाल्या आणि अक्षता टाकल्या. वॉचमन पाण्याचा कॉक उघडायला वर आला होता. तो पायरीवरच थांबला, चप्पल काढली, आणि संपल्यावर विचारलं, "मावशी, कुणाचं होतं?"

"गिलक्याचं."

"बरं," म्हणाला आणि कॉक उघडला.

तिन्हींना लावलं. दोन पिवळी पडली. तिसरं आज पाचव्या दिवशी माझ्या हाताच्या पंजाएवढं आहे. धोतर आमच्याकडे नाही. अमोलचा पांढरा बनियन फाडला. विचारून नाही. आईंनी शेजारी पुठ्ठा टांगलाय: हात लावू नये, देवानेसुद्धा. खाली त्यांची सही.

धनेही उगवले. दोन फाकी केलेले सगळे.

वेदिका


सिन्नर
१० नोव्हेंबर २०२४

सौ. विहीणबाई लंकाबाई यांना सिंधुबाईचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. आमच्याकडे लाल चिंधी दिसली की ते देवीचं, दुसरा अर्थच नाही. तरी मी विचारायला हवं होतं. सुनेच्या वस्तूला न विचारता हात लावायची सासूची सवय, तीही दिवाळीआधी टाकली.

वेदिकाने तुमच्या चाळीचं पत्र मला दाखवलं. तुम्ही रागावू नका. माझ्या दारात तीन गुंठे जागा रिकामी आहे. मालक गेल्यापासून मी तिथे झेंडूशिवाय काही लावलं नाही. आडाला पाणी आहे. मांडवाचे खांब मी आत्ताच रोवून घेतले. बी आली की तुम्ही या. नुसत्या भेटीला नाही, मुक्कामाला. पेरण्यापासून वाळेपर्यंत. मला एकटीला जमायचं नाही आणि मला फार बोलायला लागतं. तुम्हाला ऐकू येत नाही हे उलट बरंच आहे.

सिंधुबाई


सटाणा
२० नोव्हेंबर २०२४

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र महेशने पाहिलं. मी दाखवलं नव्हतं, उशीखाली सापडलं त्याला. तो ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "आई, मला सांगायचं ना." मी म्हटलं, कांदा चांगला राहिलाय रे. तो म्हणाला, पोचवायला मी येतो.

पण माझं ऐका. हाताने लगीन लावलेल्या फळाचं बी कधी कधी पोचट निघतं. वरून सारखंच दिसतं, आत काही नसतं. भरलेलं निघालं तर मी येईन, आणि हाकलाल तोवर राहीन. पोचट निघालं तर बोलावू नका. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात राहायला जायचं माझं वय नाही. वेदिकाला सांगा, बी पाण्यात टाकून बघ. बुडेल ती भरलेली.

लंकाबाई


इंदिरानगर
२८ डिसेंबर २०२४, शनिवार संध्याकाळ

प्रिय आत्या,

हा आठवडा थंडीने कहर केला. मी गिलक्याभोवती रोज संध्याकाळी अमोलचा मफलर गुंडाळायचे. त्याच्या बनियनपासून मफलरपर्यंत सगळं आता गच्चीवर आहे, तो म्हणतो उद्या मीही जाऊन टाकीशेजारी उभा राहतो.

पानं गेली. वेल काडीसारखा झाला. गिलकं आधी पिवळं, मग भुऱ्या कागदासारखं. इतकं हलकं की हातात काही नाहीच. आज दुपारी हलवलं आणि खुळखुळलं. मी इतकी जोरात ओरडले की दुसऱ्या मजल्यावरचे काका वर आले. मग आठवलं, पोचट बियाही खुळखुळतात. काकांना परत पाठवलं.

आई सिन्नरहून आल्यात. येताना त्यांनी पिशवी भरून तिकडची माती आणलीय, मला दाखवायला. काळी आहे. दोघींनी ठरवलं, अंधारात उघडायचं नाही, बी नीट दिसायला हवी. उद्या सकाळी. गिलकं कापून आणलंय आणि ताटात ठेवलंय. आई त्याच्याकडे बघत नाहीत. मी बघते.

तू पोचट निघालं तर बोलावू नका असं लिहिलंस. मी त्यावर काही लिहीत नाही. उद्या लिहीन. पत्र तोवर बंद करत नाही.

रविवार सकाळ.

सव्वासातला गच्चीवर उघडलं. खालचं टोक बोटाने मोडलं, टोपणासारखं निघालं. पेपरवर बिया ओतल्या. सदतीस. पांढऱ्या. पातेल्यात पाणी घेऊन टाकल्या आणि तासभर थांबलो. नऊ तरंगल्या, अठ्ठावीस तळाला गेल्या. त्या टॉवेलवर पसरल्यात. आई सटाण्याची गाडी किती वाजता आहे ते विचारायला बसस्टँडवर गेल्या आहेत.